यकृतातली चरबी आणि स्वादुपिंडावरचा भार

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. लांबी साधारण 15 सेंटिमीटर, वजन 100 ग्रॅमच्या आसपास. त्याच्या उजवीकडे वर असलेले यकृत दीड किलोच्या घरातले. आकारात एवढी तफावत असूनही यकृतात चरबी साठणार की जळणार, हे ठरवण्यात या लहानशा ग्रंथीचा वाटा फार मोठा आहे. लठ्ठ माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघाले की सगळे लक्ष यकृताकडे जाते आणि लिव्हरचे टॉनिक सुरू होते. स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो मांडल्याशिवाय हा आजार नीट कळत नाही आणि आटोक्यातही येत नाही.

स्वादुपिंड दोन प्रकारची कामे करते. त्याचा बहुतेक भाग पाचकरस तयार करून लहान आतड्यात सोडतो. या भागात पेशींचे छोटे छोटे पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या बर्लिनमधल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने 1869 मध्ये त्यांचे वर्णन केले. एकूण ग्रंथीच्या एकदोन टक्के एवढाच हा भाग. पण त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि अल्फा पेशी ग्लुकागॉन. ही दोन्ही संप्रेरके आधी शरीरभर पसरून मग यकृतात येत नाहीत. स्वादुपिंडातले रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जाते. त्यामुळे यकृताला मिळणाऱ्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण उरलेल्या शरीरातल्या रक्तापेक्षा दोन ते तीन पट असते आणि त्यातले जवळपास निम्मे यकृतच पहिल्या फेरीत काढून घेते. स्वादुपिंडाच्या कामात काहीही बदल झाला तरी त्याची झळ सर्वांत आधी यकृताला लागते, ती यामुळेच.

जेवणानंतर इन्सुलिन वाढते. यकृताने स्वतः साखर तयार करणे थांबवावे, आलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवावी आणि त्याहून जास्त असेल तिचे चरबीत रूपांतर करावे, असे त्याचे सांगणे असते. त्याच वेळी त्वचेखालच्या आणि पोटातल्या चरबीच्या पेशींना ते मेदाम्ले रक्तात सोडण्यापासून रोखते. दोन जेवणांच्या मधल्या काळात आणि रात्री इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉनचा जोर वाढतो, यकृत साठवलेली साखर बाहेर काढते आणि चरबी जाळून स्वतःचे काम भागवते. साठवणे आणि जाळणे यांची ही आळीपाळी नीट चालू असेल तर यकृतात चरबी साचून राहत नाही.

लठ्ठपणात ही आळीपाळी मोडते. त्वचेखालच्या चरबीपेशींची साठवण्याची क्षमता संपत आली की चरबी पोटाच्या आत, आतड्यांच्या भोवती जमू लागते. या भरगच्च पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत आणि दिवसरात्र मेदाम्ले रक्तात सोडत राहतात. स्नायूही इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. मग साखर ताब्यात ठेवण्यासाठी बीटा पेशी जास्त इन्सुलिन ओततात. कित्येक वर्षे हा उपाय चालतो. उपाशीपोटीची साखर 90 येते, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो आणि त्या 90 साठी स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करावे लागते आहे, हे रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही.

यकृताचे वागणे इथे विचित्र असते आणि सगळा आजार समजून घेण्याची किल्ली त्यातच आहे. यकृताचा इन्सुलिनला असलेला विरोध सरसकट नसतो. ‘साखर तयार करू नकोस’ हा आदेश ते ऐकत नाही. ‘चरबी तयार कर’ हा आदेश मात्र निमूटपणे पाळते. परिणामी स्वादुपिंड जेवढे जास्त इन्सुलिन पाठवते तेवढे यकृतात चरबी बनवण्याचे काम जोरात चालते आणि साखरही कमी होत नाही. फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. यकृतातली चरबी नेमकी कुठून आली, याचा माग त्यात काढला होता. सुमारे 60 टक्के चरबी शरीरातल्या चरबीपेशींनी सोडलेल्या मेदाम्लांतून आलेली होती, सुमारे 25 टक्के यकृताने स्वतः नव्याने तयार केलेली होती आणि थेट आहारातल्या तेला-तुपातून आलेली जेमतेम 15 टक्के होती. निरोगी माणसाच्या यकृतात नव्याने तयार होणाऱ्या चरबीचा वाटा उपाशीपोटी पाच टक्क्यांच्या आत असतो. तूप सोडले, भाजी बिनतेलाची केली, पण चहातली साखर, बिस्किटे आणि पाव तसेच राहिले, तर फॅटी लिव्हर का हटत नाही, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ग्लुकागॉनची बाजू अलीकडच्या काळात उलगडली. निरोगी यकृत ग्लुकागॉनच्या सांगण्यावरून रक्तातली अमिनो आम्लेही वापरून टाकते. चरबीने भरलेले यकृत हे काम नीट करत नाही. अमिनो आम्ले रक्तात वाढतात, ती अल्फा पेशींना चेतवतात आणि ग्लुकागॉन आणखी वाढते. वाढलेल्या ग्लुकागॉनने यकृत जास्त साखर सोडते आणि बीटा पेशींवरचा भार पुन्हा वाढतो. म्हणजे स्वादुपिंडामुळे यकृत बिघडते आणि बिघडलेल्या यकृतामुळे स्वादुपिंड.

पुढचा टप्पा स्वादुपिंडातल्याच चरबीचा. यकृत जास्तीची चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात पाठवते आणि तिचा काही भाग स्वादुपिंडात मुरतो. लठ्ठ व्यक्तींच्या स्वादुपिंडात चरबी जास्त असते हे शवविच्छेदनांवरून 1930 च्या दशकातच नोंदले गेले होते; पण त्याचा अर्थ लावायला बराच काळ गेला. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांनी 2008 मध्ये एक कल्पना मांडली: यकृतातले चरबीचे चक्र आणि स्वादुपिंडातले चरबीचे चक्र एकमेकांना गती देतात आणि शेवटी बीटा पेशी काम टाकतात; टाइप 2 मधुमेह सुरू होतो तो तिथे. कल्पना खरी असेल तर चक्र उलटेही फिरायला हवे. त्यांच्या गटाने 2011 मध्ये 11 मधुमेही रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे दिवसाला सुमारे 600 कॅलरींचा आहार, तोही वैद्यकीय देखरेखीखाली. पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी सुमारे 30 टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर मधुमेह नसलेल्यांच्या पातळीवर आली. आठ आठवड्यांनी यकृतातली चरबी 12.8 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर उतरली. स्वादुपिंडातली चरबी सावकाश घटली, सुमारे 8 वरून 6.2 टक्के, आणि तिच्याबरोबर इन्सुलिनचा पहिला झटपट स्राव परत आला. यकृत आधी हलके होते, स्वादुपिंड मागाहून, हा क्रम उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: साखर लवकर सुधारली म्हणून आहार दोन आठवड्यांत सैल सोडला तर स्वादुपिंडाला सावरायला वेळच मिळत नाही.

याच गटाच्या पुढच्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर 46 टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात राहिला. ज्यांनी 15 किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवले त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होते. मधुमेह जितका जुना, तितकी ही शक्यता कमी. फॅटी लिव्हर कळल्यावर लगेच हालचाल करावी, ती यासाठी.

‘लठ्ठपणा’ हा शब्द मराठी घरात नीट समजून घ्यायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीचे असू शकते, हे त्या एका चित्रातून जगाला कळले. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 ला वजन जास्त आणि 25 ला लठ्ठपणा धरतात. त्याहूनही उपयोगी मोजमाप कमरेचे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सोडल्यावर मोजावे, पोट आत ओढू नये. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा. पॅन्टचा नंबर हे मोजमाप नव्हे. बहुतेक पुरुष पॅन्ट पोटाच्या खाली बांधतात.

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचतानाही तारतम्य हवे. यकृतातल्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी असेल तर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, पण साध्या सोनोग्राफीत ती साधारण 20 ते 30 टक्क्यांपर्यंत पोहोचल्यावरच खात्रीने दिसते. म्हणजे ‘ग्रेड वन’ ही दुर्लक्ष करण्याजोगी किरकोळ गोष्ट नाही. स्वादुपिंडाच्या ओळीत तर बऱ्याचदा आतड्यातल्या वायूमुळे ते नीट दिसले नाही, एवढेच लिहिलेले असते. त्यावरून स्वादुपिंड ठीक आहे असे समजू नये. एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी नॉर्मल असणे हीसुद्धा हमी नाही. फॅटी लिव्हर निघालेल्या प्रत्येकाने उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी, लिपिड प्रोफाइल, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या तपासण्या करून घ्याव्यात. उपाशीपोटीच्या इन्सुलिनची तपासणी हल्ली अनेक पॅकेजमध्ये असते. पण प्रयोगशाळेगणिक आकडे बदलतात आणि त्यावरून उपचार फारसे बदलत नाहीत. तो खर्च वाचवता येतो.

यकृत किती जखडले आहे याचा अंदाज याच आकड्यांतून घरबसल्या काढता येतो. त्याला फिब-4 म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणावे. आलेल्या संख्येला, प्लेटलेटची हजारांतली संख्या गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, या गुणाकाराने भागावे. समजा वय 48, एसजीओटी 40, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट 2 लाख 40 हजार. 48 गुणिले 40 म्हणजे 1920. 64 चे वर्गमूळ 8, त्याला 240 ने गुणले की पुन्हा 1920. भागाकार 1.0. हा आकडा 1.3 च्या खाली असेल तर यकृतात फायब्रोसिस म्हणजे कठीण चट्टे बरेच वाढले असण्याची शक्यता कमी. याच व्यक्तीचे प्लेटलेट 1 लाख 20 हजार असते तर उत्तर 2.0 आले असते आणि यकृताचा कठीणपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घेणे भाग होते, मग सोनोग्राफीत ‘ग्रेड वन’ लिहिलेले का असेना. पासष्टीनंतर मर्यादा 2.0 धरतात. पस्तिशीच्या आतल्या व्यक्तींत हे गणित भरवशाचे नसते.

उपचाराचे सूत्र एकच: स्वादुपिंडाकडे होणारी इन्सुलिनची मागणी कमी करणे. वजन घटवणे हा त्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. 80 किलोच्या व्यक्तीने 4 किलो, म्हणजे पाच टक्के, उतरवले तर यकृतातली चरबी घटते. सात ते दहा टक्के उतरवले तर यकृताची सूज ओसरू लागते. दहा टक्क्यांच्या पुढे अनेकांत फायब्रोसिसही मागे हटतो. सडपातळ दिसणाऱ्यांना तीन ते पाच टक्केही पुरतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग बरा. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. न्यूकॅसलसारखा 600 कॅलरींचा आहार कोणीही आपल्या मनाने घेऊ नये.

आहारात पहिला हात साखरेला घालावा. दिवसातून चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, साधारण 40 ग्रॅम. त्यातली निम्मी फ्रुक्टोज असते आणि फ्रुक्टोजचे चरबीत रूपांतर करायला यकृताला इन्सुलिनच्या परवानगीचीही गरज पडत नाही. गूळ घातला तरी फरक पडत नाही. गुळातही बहुतांश तीच साखर. मध, उसाचा रस, डब्यातला फळांचा रस यांचेही तेच. फळ मात्र चावून खावे, त्याला हरकत नाही. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटे यांचा प्रश्न कॅलरींपुरता नाही: दर दोन तासांनी तोंडात काही टाकत राहिले की इन्सुलिन उतरायला फुरसतच मिळत नाही आणि यकृताची चरबी जाळण्याची वेळ येतच नाही. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही, एवढे पाळले तरी 12 तासांची विश्रांती सहज मिळते.

उपवासाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. त्यात बटाटा, वर वेफर आणि गोड दही आले की एरवीच्या दिवसापेक्षा इन्सुलिन जास्त लागते. उपवास करायचाच असेल तर वरी किंवा राजगिऱ्याचा बेताचा पदार्थ, दाणे, काकडी, ताक असा करावा. रोजच्या जेवणात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, असा क्रम ठेवला तर साखर सावकाश चढते. मूग, मटकी, चवळी, हरभरा, अंडी, मासे, पनीर यांतून प्रथिने वाढवावीत. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा चांगली असे मानून तीन भाकरी खाल्ल्या तर उपयोग नाही. एक भाकरी आणि दोन वाट्या उसळ हा हिशेब बरोबर.

चालण्याचा फायदा वजनकाट्यावर दिसण्याआधी स्वादुपिंडाला मिळतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरची 15 मिनिटांची शतपावली थेट बीटा पेशींचा भार हलका करते. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे आणि त्याच्या जोडीला दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, मग ते बैठका असोत, जोर असोत की रबरी पट्ट्यांचे ताण. वजन उतरले नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातली चरबी घटते. दारू पूर्ण बंद ठेवणे श्रेयस्कर. लठ्ठपणा आणि दारू मिळून यकृताची हानी बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढवतात.

औषधांच्या बाबतीत स्वादुपिंडाचे भान विशेष लागते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या साखर किती आहे ते न पाहता स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतात. आहार कमी केला आणि गोळी तशीच चालू ठेवली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. इन्सुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांनाही हाच इशारा. आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यावा. मेटफॉर्मिन साखरेसाठी चांगले, पण यकृतातली चरबी त्याने विशेष हटत नाही. पायोग्लिटाझोनने हटते, मात्र वजन आणि अंगावरची सूज वाढू शकते आणि हृदय कमजोर असलेल्यांनी ते टाळायचे असते. भारतात 2020 मध्ये सारोग्लिटाझारला या आजारासाठी मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइडच्या वर्गातली औषधे आतड्यातल्या जीएलपी-1 या संप्रेरकासारखी वागतात: साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतात, ग्लुकागॉन दाबतात, भूक कमी करतात. अमेरिकेत ऑगस्ट 2025 मध्ये सूज आणि फायब्रोसिस असलेल्या फॅटी लिव्हरसाठी सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या नावाखाली विकले जाणारे काढे आणि चूर्णे मात्र घेऊ नयेत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केलेली आहे.

आतापर्यंतचे सगळे विवेचन जास्त इन्सुलिनचे झाले. स्वादुपिंडाचा दुसरा भाग, पाचकरसांचा, कमी पडला तर उलट दिशेने यकृत बिघडवतो. टोरोंटोमध्ये 1921 साली इन्सुलिनचा शोध लागल्यानंतर स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगवता येऊ लागले. पण त्यांच्या यकृतात चरबी साठू लागली. कच्चे स्वादुपिंड खायला घातले की ती कमी होई. याचा पाठपुरावा करताना चार्ल्स बेस्ट आणि सहकारी 1930 च्या दशकात कोलीन या पोषक द्रव्यापर्यंत पोहोचले. अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असते. आजही स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना, वजन घटत असतानाही, फॅटी लिव्हर होते, आणि जेवणाबरोबर पाचकरसातल्या एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्यावर अनेकांत ते सुधारते.

म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नये. वजन आपोआप घटते आहे, शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारे, फार दुर्गंधीचे होते, वरच्या पोटातून पाठीत जाणारी कळ येते, अशा व्यक्तीला फॅटी लिव्हर निघाले तर लठ्ठपणाचा उपदेश बाजूला ठेवून स्वादुपिंडाची तपासणी करावी. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा गोंधळल्यासारखे वागणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि पन्नाशीनंतर घरात कोणाला नव्याने मधुमेह निघाला व त्याच सुमारास काही प्रयत्न न करता वजन उतरू लागले, तर त्याला चांगली गोष्ट समजून स्वस्थ बसू नये. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. डॉक्टरांशी बोलून पोटाचा सीटी स्कॅन करून घ्यावा.